पुठ्ठ्याचा थांबा

किल्लीने आपली कल्पना सांगितली तेव्हा सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सर चष्मा काढतात म्हणजे नकार देणार, हे ऑफिसातल्या कुंड्यांनासुद्धा ठाऊक होतं.

“म्हणजे पुठ्ठ्याची इमारत?” सर म्हणाले.

“इमारत नाही सर, फक्त आतलं सगळं. पण खऱ्या मापाचं. भिंती, बाकं, काउंटर, बाथरूमची दारं. पुठ्ठा आणि प्लाय. मग त्यात माणसं फिरवायची आणि बघत राहायचं. कुठे अडखळतात, कुठे टेकतात, कशाला वैतागतात. कागदावर सगळे प्रवासी शहाण्यासारखे वागतात हो, खरे तसे वागत नाहीत, आणि आपण तीस वर्षं टिकेल असं काहीतरी बांधणार आहोत, म्हणजे एकदा चुकलं की तीस वर्षं—”

“श्वास घे,” सर म्हणाले.

किल्ली हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हतं. लहानपणी बोलायला लागली की किल्ली दिलेल्या खेळण्यासारखी थांबायचीच नाही, म्हणून घरात ते नाव पडलं आणि घरातून ऑफिसात कसं पोचलं ते कुणालाच कळलं नाही. आता ती एकतीस वर्षांची आर्किटेक्ट होती. हायवे मंडळाने एक स्पर्धा जाहीर केली होती: दर पन्नास किलोमीटरवर नवे थांबे, उद्याच्या प्रवाशासाठी. सरांच्या डोक्यातला उद्याचा प्रवासी काचेच्या महालात शिरायचा, तिथे भिंतीएवढा स्क्रीन त्याच्या गाडीचा नंबर ओळखून त्याला नावाने हाक मारायचा, आणि तो धन्य व्हायचा.

किल्लीच्या डोक्यात मात्र लाट होती. लाट म्हणजे एक बाक. छत्तीस फूट लांब, एकसंध, समुद्राच्या पाण्यासारखं वर-खाली होत जाणारं. कुणी त्यावर बसेल, कुणी रेलेल, कुणी टेकून कॉफी पिईल. गेले अकरा महिने ती हे बाक काढत होती, खोडत होती, पुन्हा काढत होती. बसमध्ये तिकिटाच्या मागे काढायची. डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना हवेत बोटाने काढायची.

सरांनी चष्मा परत घातला. “माझ्या मेव्हण्याचं फर्निचरचं गोदाम आहे, हायवेच्या बाजूच्या रस्त्यावर. रिकामंच पडलंय. तीन आठवडे घे. आणि माझा स्क्रीन त्यात हवा.”

स्क्रीन म्हणून एक मोठा काळा पुठ्ठा लावायचं ठरलं.

गोदामाचं काम सुतारकाकांनी अंगावर घेतलं. साठीचे, कानावर पेन्सिल, दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणारे गृहस्थ. किल्लीला ते ताई म्हणायचे आणि तिची बडबड रेडिओ लावल्यासारखी मागे चालू ठेवून स्वतःचं काम करायचे. तीन आठवड्यांत त्यांनी पुठ्ठ्याचं एक गावच वसवलं. चहा-कॉफीचं काउंटर, त्यावर कॉफीचं मशीन, मशीनवर रंगवलेली बटणं. ‘माहिती’ असं लिहिलेला एक गोल कक्ष. भिंतीलगत बाथरूमच्या दहा दारांची ओळ. आणि मधोमध खऱ्याखुऱ्या पॉलिश केलेल्या लाकडाची लाट. लाट पुठ्ठ्याची करायला किल्ली तयारच नव्हती.

तरुणपणी काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यामुळे शेवटच्या दिवशी त्यांनी कुणी न सांगता एक पाटी रंगवली. निळी, पांढऱ्या अक्षरांत ‘विश्रांती थांबा’, खाली कप, खाट आणि नळाची चित्रं, आणि एक ठसठशीत बाण. ती त्यांनी गोदामाच्या फाटकापाशी, रस्त्याकडे तोंड करून उभी केली.

“काका, ही कशाला?”

“शोभा आहे,” काका म्हणाले.

शनिवारी सकाळी चाचणी होती. ऑफिसातले बाराजण खोटे प्रवासी व्हायला आले होते. किल्लीने प्रत्येकाला एकेक चिठ्ठी दिली होती. ‘तुम्ही सहा तास गाडी चालवून आलेले ट्रकचालक आहात.’ ‘तुमच्याबरोबर दोन लहान मुलं आहेत.’ हिशेब विभागातल्या एकाला ऐन वेळी ताप आला म्हणून किल्लीने आपल्या आत्याला बोलावून घेतलं. आत्या अडुसष्ट वर्षांची. सरकारी हॉस्पिटलात चौतीस वर्षं वॉर्डाची मुख्य सिस्टर होती, त्यामुळे अख्खं घराणं तिला सिस्टरआत्या म्हणायचं आणि तिच्यासमोर नखं कापलेली ठेवायचं.

आत्याने चिठ्ठी वाचली. ‘तुम्ही वृद्ध महिला आहात. तुमचे गुडघे दुखतात.’

“हे लिहून कशाला दिलंस?” ती म्हणाली. “मला माहीत नाही होय?”

चाचणी अगदी छान पार पडली आणि तीच पंचाईत होती. ट्रकचालक झालेला अकाउंटंट ऐटीत आत आला, रंगवलेलं बटण दाबलं, रिकाम्या हाताने कॉफी प्यायला आणि “मस्त आहे!” म्हणाला. दोन लहान मुलांची आई झालेली ड्राफ्ट्समन लाटेवर बसली आणि “फारच सुंदर” म्हणाली. सगळ्यांना सगळं आवडत होतं. किल्लीच्या वहीत दीड तासात एकच नोंद झाली होती, तीही आत्याची.

“पाय लोंबतात,” आत्या लाटेवरून म्हणाली.

“आत्या, तिथे तो उंचवटा आहे ना, तिथे रेलायचं असतं, बसायचं नसतं.”

“मग बसायचं कुठे?”

“पुढे. ते बघ, खाली जातंय तिथे.”

आत्या पुढे सरकली. “इथे गुडघे तोंडात येतात.”

किल्लीने वहीत लिहिलं: ‘उंची?’ आणि पुढचं प्रश्नचिन्ह जरा रागानेच काढलं.

अकराच्या सुमाराला तिकडे हायवेवर, दोन किलोमीटर पुढे, खाद्यतेलाचा एक टँकर आडवा झाला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ड्रायव्हर केबिनमधून उतरला आणि उतरताक्षणी घसरून बसला, एवढंच. पण तीन लेन तेलाने अशा माखल्या की त्यावर मांजरही उभं राहिलं नसतं. पोलिसांनी मागची सगळी वाहतूक बाजूच्या रस्त्यावर वळवली आणि थोड्या वेळात तोही रस्ता तुंबला.

गोदामात यातलं काहीच कळलं नव्हतं. पहिल्यांदा दारात एक माणूस येऊन उभा राहिला. हातात पाण्याची रिकामी बाटली, मागे बायको, बायकोच्या मागे तिची आई.

“चालू आहे ना?” त्याने विचारलं.

“तुम्ही कोणत्या चिठ्ठीचे?” किल्ली म्हणाली.

त्या माणसाने रिकामी बाटली पुढे केली. तेवढ्यात त्याच्या मागून आणखी चारजण आले, मग एक कॉलेजच्या मुलींचा घोळका, आणि मग फाटकातून एक आख्खी बस मागे-पुढे करत आत वळली. बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून पाटीकडे समाधानाने बघितलं आणि इंजिन बंद केलं.

पुढचा अर्धा तास किल्ली नुसती सांगत सुटली होती. “हे खोटं आहे. अहो, ते मशीन खोटं आहे. दादा, बटण नका दाबू, रंग ओला— राहू दे.” स्पोर्ट्स शूज घातलेल्या एका गृहस्थांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं.

“खोटं आहे तर बोर्ड कशाला लावलात?”

“तोही खोटाच आहे.”

“बोर्ड तर चांगला खरा दिसतोय!”

लाटेवर कापड मारत बसलेल्या सुतारकाकांचे कान लाल झाले. खूप दिवसांनी कुणी त्यांच्या अक्षराचं कौतुक केलं होतं.

खरी गंमत बाथरूमपाशी होती. दहा दारं पाहून बायकांना हायसं वाटलं होतं. पहिलं दार उघडलं तर मागे गोदामाची भिंत. दुसरं उघडलं तर तीच भिंत. सातव्या दारापाशी एक सभ्य बाई टकटक करून पाच मिनिटं नुसत्या उभ्या होत्या. आत कुणीतरी असेल, कशाला घाई करायची, असं त्यांना वाटलं होतं. किल्लीने त्यांना जवळ जाऊन खरं काय ते सांगितलं तेव्हा त्या रडायच्याच बाकी होत्या.

“मी दोन तास धरून ठेवलंय हो,” त्या कुजबुजल्या.

आता मात्र किल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. गोदामाच्या मागे वॉचमनसाठी एकच संडास होता. आत तोवर शंभराच्या वर माणसं झाली होती आणि दारातून येतच होती. ऑफिसचे खोटे प्रवासी भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांच्या चिठ्ठ्यांत हे लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात टाळी वाजली. एकच, पण अशी की पुठ्ठ्याच्या भिंती हलल्या. सिस्टरआत्या लाटेच्या सर्वांत मोठ्या उंचवट्यावर उभी होती.

“शांत व्हा!” ती म्हणाली. “मागे एक संडास आहे, तो बायकांना. शेजारी टायरवाल्याचं दुकान आहे, त्याच्याकडे एक आहे, तो पुरुषांना. मी आत्ताच त्याला विचारून आले. कुणीही रांगेत उभं राहायचं नाही. नंबर मिळेल, नंबर घेऊन बसायचं. गरोदर बाई, लहान मूल आणि साठीच्या पुढचे यांना आधी. काही म्हणणं आहे?”

कुणाचंही काही म्हणणं नव्हतं. ज्यांचं होतं त्यांनी ते गिळलं.

“सुतारभाऊ, पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे कापा. शंभर बायकांचे, शंभर पुरुषांचे. किल्ले, तू आकडे घाल. बडबड नंतर.”

किल्लीने मुकाट्याने मार्कर उचलला.

नंबर हातात आला आणि लोक निवांत झाले. आणि निवांत झाल्यावर ते हळूहळू आपापल्या सोयीने वागायला लागले. आकडे घालता घालता किल्ली मान वर करून बघत होती. एका आजोबांनी आपली प्लायची खुर्ची उचलली, गर्रकन वळवली आणि दाराकडे तोंड करून बसले. किल्लीने बसण्याची सगळी मांडणी आतल्या बाजूला, ‘एकमेकांशी संवाद व्हावा’ म्हणून केली होती.

“आजोबा, तिकडे ऊन येतंय.”

“येऊ दे की. इथून माझी गाडी दिसते. टपावर सामान आहे.”

दहा मिनिटांत अर्ध्या खुर्च्या दाराकडे वळल्या होत्या. एक तरुण बाप तान्ह्या बाळाला घेऊन बाळाचं टेबल शोधत फिरत होता. ते होतं, पण बायकांच्या एका दारामागे, गोदामाच्या भिंतीला चिकटून. त्याने बघितलं, इकडेतिकडे बघितलं, मग ते टेबलच उचलून मधोमध आणून ठेवलं आणि शिट्टी वाजवत लंगोट बदलायला घेतला. कॉलेजच्या मुली सरांच्या स्क्रीनकडे गेल्या. काळाभोर पुठ्ठा आणि जवळ खडूचा डबा. थोड्याच वेळात त्यावर गाड्यांचे नंबर, पुढच्या रस्त्याची खबर आणि ‘कुणाकडे जादा चार्जर आहे का?’ असं सगळं लिहिलं गेलं. लोक येऊन वाचत होते, खाली उत्तरं लिहीत होते. सर म्हणत होते तसा तो स्क्रीन प्रवाशांना नावाने हाक मारत नव्हता, पण त्याच्यापुढे सतत सात-आठजण उभे होते.

‘माहिती’ कक्षाच्या आतून घोरण्याचा आवाज येत होता. किल्लीने डोकावून बघितलं तर एक धिप्पाड ट्रकवाला खाली सतरंजी टाकून गाढ झोपला होता. अख्ख्या गोदामात तेवढीच एक अंधारी आणि आडोशाची जागा होती, आणि ती त्याने आल्या आल्या हेरली होती.

किल्लीची वही भरत चालली होती. लाट मात्र तशीच होती. म्हणजे लोक तिच्यावर बॅगा ठेवत होते. मुलं उंचवट्यावरून खड्ड्यात घसरत होती आणि ओरडत होती. मोठी माणसं दोन्ही टोकांना, जिथे थोडा सपाट भाग होता तिथे, दाटीवाटीने बसली होती. मधले तीस फूट मोकळे. किल्ली त्याकडे बघायचं टाळत होती.

एकच्या सुमाराला आत्या एका मुलीला हाताला धरून घेऊन आली. मुलगी सात महिन्यांची गरोदर होती, चेहरा पांढराफटक. बरोबर सासू, तीही घाबरलेली.

“हिला आडवं व्हायला जागा हवी,” आत्या म्हणाली. “डाव्या कुशीवर. घाबरायचं काही नाही, पण आत्ता हवी.”

किल्लीने सगळीकडे नजर फिरवली. खुर्च्या होत्या, काउंटर होतं, दहा दारं होती. माणूस सरळ आडवं होईल अशी साडेपाच फूट सपाट जागा तिने अख्ख्या आराखड्यात कुठेही ठेवली नव्हती. पुठ्ठ्याचं काउंटर वजन घेणार नव्हतं. जमीन थंड होती. तिने मुलीला लाटेवर निजवायचा प्रयत्न केला. मुलगी कमरेत वाकली आणि कण्हली.

सुतारकाका लाटेपाशी आले. त्यांनी मान तिरकी करून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली.

“ताई, टोकाचा भाग इथे तोडला, खाली दोन ठोकळे दिले, की सहा फूट सपाट मिळतं.”

किल्लीने लाटेवरून एकदा हात फिरवला. अकरा महिने. डेंटिस्टची खुर्ची.

“कापू?” काकांनी विचारलं. त्यांच्या आवाजात एरवी नसायचा असा मऊपणा होता, कारण पॉलिशचे चार हात त्यांनीच दिले होते.

“कापा,” किल्ली म्हणाली.

तिने दुसरं टोक स्वतः दाबून धरलं. करवत लाकडात शिरली. भुसा तिच्या चपलांवर पडत होता. मग कटकन आवाज झाला, टोक सुटलं, बसवाल्या दोघांनी ते उचलून सरळ बसवलं, कुणीतरी घडी घातलेली शाल पसरली, कुणीतरी उशीला स्वेटर दिला. मुलगी डाव्या कुशीवर झाली. पाच मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर रंग आला आणि तिने बिस्किट मागितलं.

“पलीकडच्या टोकाचंही काढा,” किल्ली म्हणाली. तिने चपलांवरचा भुसा झटकला. “आणि मधले उंचवटे बसायच्या उंचीवर आणा. आत्या, किती उंची हवी तुला? बस इथे. पाय टेकव. हं, काका, इथे खूण करा. आजोबा, तुम्ही पण या.”

दोन वाजेपर्यंत लाटेची सात बाकं आणि दोन खाटा झाल्या होत्या. सगळी भरलेली. किल्ली भुशात मांडी घालून बसली, कुणीतरी दिलेलं केळं खाल्लं आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला वाईट वाटायला हवं होतं, पण भूकच जास्त लागलीय.

अडीच वाजता सरांचा फोन आला. “आम्ही जाममध्ये अडकलोय. मोठ्या मॅडम बरोबर आहेत. म्हटलं चाचणी बघायला सरप्राइज भेट देऊ. एक किलोमीटर राहिलंय, चालतच येतो. सगळं टापटीप आहे ना?”

किल्लीने गोदामावरून नजर फिरवली. “सर, जरा गर्दी आहे,” ती म्हणाली.

मोठ्या मॅडम म्हणजे हायवे मंडळाच्या प्रमुख. त्यांची सही झाली की रस्ता व्हायचा. उन्हातून एक किलोमीटर चालत त्या आल्या, मागून सर रुमालाने घाम टिपत. मॅडमनी फाटकातली पाटी बघितली आणि त्यांची चाल एकदम वाढली. आत शिरल्या त्या थेट दहा दारांकडे.

“ती खोटी आहेत,” चार बायका एका सुरात म्हणाल्या.

“नंबर घ्या,” सिस्टरआत्याने पुठ्ठ्याचा तुकडा पुढे केला. “ब्याण्णव. आत्ता चौऱ्याऐंशी चालू आहे. बसा, पंधरा मिनिटं लागतील.”

सरांचं धाबं दणाणलं. “अहो आत्या, तुम्हाला माहितीय का या कोण आहेत? या मंडळाच्या—”

“माझ्याकडे घाईची वेळ सगळ्यांची सारखीच असते,” आत्या म्हणाली. “तुम्हाला हवाय का? पुरुषांचं टायरवाल्याकडे.”

मॅडमनी नंबर घेतला आणि निमूटपणे बसल्या. त्यांच्या एका बाजूला गाडीवर नजर ठेवून बसलेले आजोबा होते. दुसऱ्या बाजूला तो ट्रकवाला, नुकताच उठलेला, डोळे चोळत.

“झोप झाली?” मॅडमनी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

“तीन तास! बाई, सात वर्षं या रस्त्यावर आहे, पहिल्यांदा कुणी उठवलं नाही. नाहीतर कुठेही पडलं की येतात, इथे झोपू नका. मग कुठे झोपू? चाकावर?”

“नवे थांबे होणार आहेत,” मॅडम म्हणाल्या. “काचेचे. छान प्रकाश असेल.”

“प्रकाश?” ट्रकवाल्याने जांभई दिली. “मला अंधार द्या हो. प्रकाश दिवसभर डोळ्यांतच असतो.”

सरांना खोकला आला.

आजोबांनीही दोन गोष्टी सांगितल्या, बाळाच्या बापाने एक सांगितली, आणि ज्या बाई सातव्या दारापाशी उभ्या होत्या त्यांनी तर बरंच सांगितलं. मॅडमचा नंबर आला तेव्हा त्या उठल्या, दोन पावलं गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, “तुमचं अर्धवट राहिलंय, मी आलेच.”

पाच वाजता रस्ता मोकळा झाला. बसने हॉर्न दिला आणि दहा-बारा मिनिटांत गोदाम रिकामं झालं. जाताना त्या गरोदर मुलीच्या सासूने सुतारकाकांना वाकून नमस्कार केला. ते इतके गडबडले की त्यांनीही उलट तिला वाकून नमस्कार केला. मागे फाटलेल्या भिंती उरल्या, खडूने भरलेला स्क्रीन उरला आणि दोनशे नंबर जमिनीवर विखुरलेले. मॅडम काही न बोलता गेल्या होत्या.

“संपलं,” सर म्हणाले. “सगळं संपलं.”

किल्लीला हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते आवरेना. शेवटी सरांनाही थोडं आलं. आत्याने दोघांना झाडू दिले.

स्पर्धा ते हरले. दीड महिन्याने निकाल लागला. एका बड्या कंपनीचा काचेचा आराखडा पहिला आला, त्यात सरांच्या स्क्रीनपेक्षाही मोठा स्क्रीन होता, आणि हे सरांच्या जिव्हारी लागलं. आठवडाभर ते ऑफिसात चष्मा काढूनच बसले. किल्लीने त्या आठवड्यात दोनदा राजीनामा लिहिला आणि दोन्ही वेळा भूक लागली म्हणून अर्धवट सोडला.

मग एका दुपारी मॅडमचा फोन आला. सरांना नव्हे, थेट किल्लीला.

“काचेचं मी एकटी थांबवू शकत नाही,” मॅडम म्हणाल्या. “तिथे बारा सह्या आहेत. पण जुने चार थांबे दुरुस्तीला काढलेत, ते माझ्या अखत्यारीत येतात. इमारत तीच राहील, आतलं बदलायचं. ट्रकवाल्यांना झोपायची खोली, बसून वाट बघायची जागा, बाळाचं टेबल. फार झगमगाट होणार नाही. तुमचं नावही कुठे लागणार नाही. चालेल?”

“चालेल,” किल्ली म्हणाली, आणि लगेच, “पण मॅडम, झोपायच्या खोलीला खिडकी नको म्हणून चालणार नाही, हवा तर हवीच, म्हणजे वरून झरोका ठेवायचा आणि ट्रकची जागा तिथून दिसेल असा एक—”

“उद्या या,” मॅडम म्हणाल्या.

सरांना तिने सांगितलं तेव्हा त्यांनी पेपरवेट फिरवला. “दुरुस्तीची कामं,” ते म्हणाले. मग म्हणाले, “झरोक्याला जाळी घाल. चिमण्या येतात.” आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच साइटवर जाऊन उभे राहिले.

पहिला थांबा आठ महिन्यांत तयार झाला. उद्घाटन वगैरे काही झालं नाही. एका सोमवारी सकाळी दारं उघडली आणि लोक यायला लागले. किल्ली आठवडाभराने बघायला गेली. सुतारकाका बरोबर होते, त्यांना एका कपाटाचं दार घासायचं होतं. किल्लीने कॉफी घेतली आणि कोपऱ्यात जाऊन बसली, आपण कुणीच नाही असा चेहरा करून. झोपायच्या खोलीबाहेर पाच जोडी बूट होते. खुर्च्यांवर बसलेली माणसं आपापल्या गाड्यांकडे बघत होती. एक बाप बाळाचा लंगोट बदलत होता आणि कुणाचंच त्याच्याकडे लक्ष नव्हतं. किल्लीने पाय लांब केले. तिने ठरवलं की आज दिवसभर फक्त असं बसून राहायचं.

शेजारी एक बुटक्या बांध्याच्या बाई येऊन धपकन बसल्या. पायापाशी दोन जडशीळ बॅगा. सौंदर्यप्रसाधनं विकत गावोगाव फिरणाऱ्या होत्या, बॅगेतून वासच येत होता.

“बरं केलंय हो हे,” बाई म्हणाल्या. “पण कुणी अक्कलशून्य माणसाने केलंय.”

किल्लीचा कप हातातच राहिला. “का? काय झालं?”

“बाथरूमच्या दाराला आतून हुक आहे, बॅग अडकवायला. तो कुठे लावलाय माहितीये? इथे!” त्यांनी डोक्यावर हात उंच नेला. “एवढी जड बॅग मी तिथवर उचलू कशी? मग ती ठेवायची कुठे, ओल्या फरशीवर? आठवड्यातून तीनदा जाते मी इथून. कुणी केलंय त्याला एकदा भेटायचंय मला.”

“मी केलंय,” किल्ली म्हणाली.

बाई जराही ओशाळल्या नाहीत. “मग चल,” त्या म्हणाल्या आणि तिला मनगटाला धरून आत घेऊन गेल्या. दार लावलं, बॅग उचलून दाखवली, टाचा वर करून दाखवलं. बॅग हुकापर्यंत पोचली आणि खाली आली, धप्पकन किल्लीच्या पायावर.

“कळलं,” किल्ली कळवळत म्हणाली.

तिने बाहेर येऊन काकांना हाक मारली. “काका, हुक एक वीत खाली घ्यायचेत.”

“कुठल्या दाराचे?”

“सगळ्या.”

काकांनी कानावरची पेन्सिल काढली. बाई बॅगा उचलून निघाल्या, दारातून मागे वळल्या. “तीन वाजता परतीच्या वाटेवर बघते.”

तीन वाजता त्या खरंच आल्या. तोवर बावीस हुक खाली आले होते, जुनी भोकं बुजवून झाली होती आणि किल्लीच्या हाताला स्क्रूड्रायव्हरचा फोड आला होता. बाई आत गेल्या. किल्ली आणि सुतारकाका बाहेर परीक्षेला बसल्यासारखे उभे होते. आतून बॅग अडकवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पाण्याचा. मग बाई बाहेर आल्या, हात झटकत.

“हुक जमला,” त्या म्हणाल्या. “आता साबणाचं बघ.”